आयसीयूतलं बीपी खरं की खोटं? नव्यांसाठी तपासणीचा क्रम

आयसीयूत नव्याने लागलेल्या सिस्टर, ब्रदर, निवासी डॉक्टर आणि बायोमेडिकलमध्ये नुकत्याच आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. नाशिकमध्ये मुंबई नाका, द्वारका, गंगापूर रोड या पट्ट्यात दवाखान्याला दवाखाना लागून आहे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला की नवे मॉनिटर आणि नवी माणसं, दोन्हींची भर पडणार. मी याच पट्ट्यात मॉनिटर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप यांची देखभाल करतो. बीपीची तक्रार बहुधा एकाच छापाची असते: मशीन चुकीचं दाखवतंय, बदलून द्या. जाऊन बघावं तर मशीन ठणठणीत असतं. ट्रान्सड्युसर (दाब टिपणारा छोटा सेन्सर) गादीच्या कडेला घसरलेला असतो, प्रेशर बॅगची (सलाइनच्या पिशवीवर दाब देणाऱ्या फुगवायच्या पिशवीची) हवा उतरलेली असते, नाहीतर जाड दंडाला लहान कफ गुंडाळलेला असतो. कॅलिब्रेशनचं स्टिकर वर्षातून एकदा लागतं. खाटेवरचा आकडा मात्र प्रत्येक पाळीला नव्याने तपासून घ्यावा लागतो, आणि ते काम इंजिनिअरचं नाही, खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसाचं आहे.

क्रम असा ठेवा: रुग्ण, ट्रान्सड्युसरची उंची, झिरो, लाइन आणि फ्लश, कफशी ताळा. मशीन सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की अर्धा तास मॉनिटरची बटणं दाबण्यात जातो.

आधी रुग्ण

आकडा अचानक पडला तर पहिला हात रुग्णाच्या मनगटावर किंवा मांडीच्या नाडीवर गेला पाहिजे. नाडी लागते का? हाक मारल्यावर डोळे उघडतो का? हातपाय गार पडलेत का? नखावर दाब देऊन सोडल्यावर रंग किती वेळात परत येतो? लघवी किती उतरली? रुग्ण खरंच खालावलेला दिसत असेल तर डॉक्टरांना लगेच बोलवा आणि पुढची तपासणी त्यांच्यासमोर चालू ठेवा. "आधी लाइन बघतो, मग कळवतो" हे चालणार नाही. उलट रुग्ण शांतपणे पाणी मागतोय आणि स्क्रीनवर ५२/३० आहे, असं असेल तर औषधाच्या पंपाला हात लावण्याआधी पुढचं वाचा.

कोण काय मोजतं

आयसीयूत बीपी दोन वाटांनी येतं. पहिली वाट आर्ट लाइनची, म्हणजे धमनीत घातलेल्या लाइनची. मनगटातल्या रेडियल धमनीत बारीक कॅथेटर, त्याला कडक भिंतीची प्रेशर लाइन, पुढे ट्रान्सड्युसर. धमनीतला दाब सलाइनच्या स्तंभातून ट्रान्सड्युसरच्या पडद्यापर्यंत पोचतो, पडदा हलतो, त्याची वीज होते आणि मॉनिटर त्याची लाट काढतो. दुसरी वाट कफची. कफ फुगतो, हळूहळू सुटतो, आणि दंडातल्या धमनीच्या ठोक्यामुळे कफमध्ये उठणारी थरथर मशीन टिपतं. थरथर जिथे सर्वांत मोठी, तो मीन (सरासरी) दाब, म्हणजे मॅप. वरचं आणि खालचं हे दोन्ही आकडे मशीन त्यावरून आपल्या गणिताने काढतं. हे गणित प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि ते कुणी उघड करत नाही.

म्हणून दोन्ही वाटांचे आकडे ताडून बघताना मॅपला मॅप लावा. कफच्या वरच्या-खालच्या आकड्यांवरून सूत्राने मॅप काढत बसू नका. स्क्रीनवर कंसात येतो तोच घ्या, कारण कफने मोजलेली खरी गोष्ट तीच आहे.

ट्रान्सड्युसरची उंची

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

ट्रान्सड्युसर हृदयाच्या पातळीला हवा. खाली गेला तर नळीतल्या सलाइनचं वजन त्याच्यावर पडतं आणि आकडा फुगतो. वर गेला तर आकडा पडतो. किती? पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे १३.६ मिमी पाणी बरोबर १ मिमी पारा. हिशेब केला तर १० सेमीच्या फरकाला सुमारे ७.४ मिमी पारा, आणि बीपीचे आकडे याच मिमीत असतात. ऐकायला थोडं वाटतं. पण सेप्सिसच्या (अंगभर भिनलेल्या गंभीर संसर्गाच्या) रुग्णात मॅप ६५ च्या वर ठेवायचा असतो. खरा मॅप ५८ आहे आणि ट्रान्सड्युसर १५ सेमी खाली घसरलाय, तर स्क्रीन ६९ दाखवते. सगळे खूश, आणि कुणीतरी बीपी चढवणारं नॉरअॅड कमी करतं. खाट हलली तरी घोळ होतो. ट्रान्सड्युसर सलाइनच्या स्टँडला बांधलेला असतो, अंग पुसायला सोयीचं म्हणून खाट वर घेतली जाते, ट्रान्सड्युसर आपल्या जागी राहतो आणि आता तो हृदयाच्या खाली आलेला असतो. खाट खाली नेली की तोच वर. खाटेची उंची बदलली की ट्रान्सड्युसरकडे बघायचं, ही सवय पहिल्या आठवड्यात लावून घ्या.

हृदयाची पातळी शोधायची कशी? छातीच्या मधल्या हाडावर, गळ्याच्या खळगीच्या खाली चार-पाच सेंटिमीटरवर एक उंचवटा लागतो. तिथे दुसरी बरगडी जुळते. तिच्या खालची फट दुसरी. तिथून मोजत चौथ्या फटीवर या. आता बाजूने बघा आणि छातीच्या पुढच्या व मागच्या बाजूच्या बरोबर मधून जाणारी रेघ मनात धरा. चौथी फट आणि ही रेघ जिथे भेटते तिथे मार्करने फुली मारा. दर पाळीत नव्या माणसाने नव्या अंदाजाने पातळी धरली की रात्रीचं आणि सकाळचं बीपी जुळत नाही आणि राउंडला वाद होतो. फुली एकदा मारली की वाद मिटतो.

डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. उभ्या माणसाला वरून बघताना पातळी चुकते. घर बांधताना गवंडी दोन भिंतींची पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून जुळवतात, तेच इथे चालतं. मीटरभर नळी घ्या, थोडं रंगीत पाणी भरा, दोन्ही टोकं उघडी ठेवा. एका टोकातलं पाणी फुलीला लावलं की दुसऱ्या टोकातलं पाणी ट्रान्सड्युसरची जागा दाखवतं. लेझरवाली उपकरणंही मिळतात, पण ही नळी फुकटात पडते आणि तिचा सेल कधी संपत नाही.

रुग्णाचं डोकं ३० किंवा ४५ अंश वर केलं तरी फुलीची जागा तीच धरतात, फक्त ट्रान्सड्युसर त्या फुलीबरोबर हलवावा लागतो. कुशीवर वळवलेल्या रुग्णात मात्र भानगड होते. त्या वेळचा आकडा जपून घ्या आणि शक्य तर पाठीवर आल्यावर पुन्हा बघा.

एक अपवाद लक्षात ठेवा. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून असलेल्या शहरात डोक्याला मार लागलेले रुग्ण नेहमीचेच. मेंदूला किती दाबाने रक्त पोचतंय हे काढताना काही डॉक्टर ट्रान्सड्युसर कानाच्या भोकापुढच्या उंचवट्याच्या पातळीला ठेवायला सांगतात. ठेवा, पण चार्टवर "पातळी: कान" असं ठळक लिहा. नाहीतर पुढच्या पाळीतला माणूस चांगुलपणाने तो छातीला आणून ठेवतो.

झिरो

झिरो आणि पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झिरो करताना आपण ट्रान्सड्युसरला सांगतो, "ही बाहेरची हवा, इथून पुढे मोज." नवी मुलं विचारतात, नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ५० मिमी कमी, मग इथे बीपी कमी येत असेल का? नाही. बीपी म्हणजे भोवतालच्या हवेपेक्षा किती जास्त, एवढंच, आणि ती हवा कुठलीही असो, झिरो तिलाच शून्य धरतो. पण रुग्ण कसारा घाट उतरून मुंबईला पोचला आणि त्याची केबल तिथल्या मॉनिटरला लागली की तिथे झिरो नव्याने करायचाच, कारण मॉनिटर बदलला.

कृती सोपी आहे. ट्रान्सड्युसरजवळचा थ्री-वे (तीन तोंडांची छोटी तोटी) रुग्णाच्या बाजूने बंद करा, टोपी काढून हवेला उघडा. इथे घाई करून झिरोचं बटण लगेच दाबू नका. आधी मॉनिटरवर काय दिसतं ते बघा. सरळ रेघ आणि शून्य आलं तर जुना झिरो टिकून आहे. ४, ५, ६ असं काही दिसलं तर आतापर्यंतचे आकडे तेवढ्याने चुकत होते, आणि हे डॉक्टरांना कळलं पाहिजे. न बघता बटण दाबलं की हा पुरावाच पुसला जातो. मग झिरो दाबा, शून्य स्थिर झालं की नवी बंद टोपी लावा, थ्री-वे रुग्णाकडे उघडा, लाट परत आली का बघा. शेवटचा भाग विसरून थ्री-वे तसाच बंद राहिल्याने "बीपी गेलं" म्हणून धावपळ झाल्याचे प्रसंग प्रत्येक आयसीयूत सापडतील.

एक बारकावा अनुभवी लोकही विसरतात. पातळीला हवा तो हवेला उघडलेला थ्री-वे. ट्रान्सड्युसरचं प्लास्टिकचं शरीर थोडं खाली असलं तरी बिघडत नाही, पण झिरो ज्या तोंडातून केला ते तोंड फुलीच्या उंचीला पाहिजे आणि तिथेच राहिलं पाहिजे.

झिरो कधी? पाळी सुरू होताना, मॉनिटर किंवा केबल बदलल्यावर, लाइन सुटून जोडल्यावर, आणि आकडा पटत नसेल तेव्हा. झिरो होतच नसेल, आकडा सरकत राहत असेल, तर केबलचं टोक ओलं झालंय का बघा. सलाइन गळून कनेक्टरमध्ये गेलं की हेच होतं. केबल बदला. तरी तेच, तर ट्रान्सड्युसर बदला.

लाइन आणि फ्लश

आता लाइन कॅथेटरपासून बॅगपर्यंत बोटाने चाचपत जा. प्रेशर बॅग ३०० मिमीला फुगलेली हवी. सलाइन संपत आलं की बॅग ढिली पडते, म्हणून काट्यावर नजर ठेवा. बॅग नीट फुगलेली असली की ताशी साधारण ३ मिली सलाइन आपोआप जात राहतं आणि कॅथेटरच्या टोकाशी गुठळी बसत नाही. बॅगेत साधं सलाइन असायला हवं, ग्लुकोज कधीच नको. त्याच लाइनमधून साखरेचं रक्त काढलं की रिपोर्ट खोटा चढतो, कुणीतरी इन्सुलिन देतं आणि रुग्णाची खरी साखर तळाला जाते. बीपीशी संबंध नाही, पण लाइन चाचपायला हात लावलाच आहे तर बॅगवरचं नावही वाचा.

बुडबुडे शोधा, विशेषतः ट्रान्सड्युसरच्या डोममध्ये (पारदर्शक झाकणात) आणि थ्री-वेच्या कोपऱ्यात. मनगट वाकलंय का, कॅथेटर मुडपलंय का, सांधे ढिले आहेत का. आणि लाइनच्या मध्ये सलाइनची साधी मऊ एक्स्टेंशन कुणी घातली आहे का. पाचपन्नास रुपये वाचवायला हे सर्रास होतं. मऊ नळी ठोक्याबरोबर फुगते, दाबाचा काही भाग तिच्या भिंतीतच जिरतो, आणि लाट गोलसर होते.

हे डोळ्यांना दिसणारं झालं. न दिसणारं फ्लशने दिसतं. ट्रान्सड्युसरवरची रबरी शेपटी सेकंदभर ओढा आणि झटक्यात सोडा. काही कंपन्यांत शेपटीऐवजी दाबायचे पंख असतात. स्क्रीनवर लाट एकदम वर जाऊन चौकोनासारखी सपाट होईल आणि सोडल्यावर खाली कोसळेल. सगळं शहाणपण त्या कोसळण्यात आहे. खाली येऊन एक-दोन छोटे हेलकावे देऊन ठोक्यांची लाट पुन्हा सुरू झाली, तर लाइन चांगली. एकही हेलकावा न देता उतारावरून घसरत आली, तर लाइन दबलेली: वरचं बीपी खरं असतं त्यापेक्षा कमी दिसेल, खालचं जास्त. झोपाळ्यासारखी तीन-चार-पाच वेळा वरखाली झाली, तर लाइन मोकाट: वरचं फुगलेलं, खालचं पडलेलं. दोन्ही प्रकारांत मॅप त्यामानाने कमी बिघडतो, म्हणून संशयाच्या वेळी मॅपला धरून राहा. सोडताना हळूहळू सोडलं तर चाचणीच फसते. दोन-तीनदा करा, प्रत्येकदा सारखं उत्तर आलं पाहिजे.

एका दवाखान्यात मेंदूत रक्तस्राव झालेले दिंडोरीकडचे एक आजोबा होते. डॉक्टरांनी वरचं १४० च्या आत ठेवायला सांगितलेलं. आर्ट लाइनवर १६८/४८, मॅप ७८.

"सर, लॅबेटालॉल वाढवायचं का विचारू?" सिस्टर म्हणाल्या. लॅबेटालॉल हे बीपी उतरवणारं औषध.

"विचारा सिस्टर, पण आधी कफ लावा. आणि मॅप वाचा."

कफने १२८/६२ दिलं, मॅप ८०. मॅप दोन्हीकडे जवळपास सारखा, वरच्यात ४० चा फरक. फ्लश केला तर लाट पाच वेळा नाचली. लाइन चाचपली: मूळ नळीला आणखी एक लांब नळी जोडलेली, मध्ये तीन थ्री-वे, कारण खाट भिंतीपासून दूर सरकवली होती. डॉक्टरांना सांगून जादा नळी काढली, दोन थ्री-वे काढले, फ्लश पुन्हा केला. दोन हेलकावे. बीपी १३४/६०. लॅबेटालॉल होतं तसंच राहिलं.

मोकाट लाइनमागे बहुतेक वेळा नळीची जादा लांबी, जादा थ्री-वे, वेगाने चालणारं हृदय किंवा म्हाताऱ्या कडक धमन्या असतात. दबलेल्या लाइनमागे बुडबुडा, गुठळी, मुडपलेलं कॅथेटर, मऊ नळी, ढिली बॅग. मोकाट लाट शांत करायला कुणी मुद्दाम बुडबुडा सोडायला सांगितलं तर ऐकू नका. तो बुडबुडा पुढे रुग्णाच्या हातात जाऊ शकतो, आणि छोटा बुडबुडा कधी लाट आणखीच मोकाट करतो.

ज्यांना मोजून बघायचंय त्यांच्यासाठी: मॉनिटरला कागदी पट्टी निघत असेल तर सेकंदाला २५ मिमी वेगाने फ्लश छापून घ्या. लागोपाठच्या दोन हेलकाव्यांच्या शिखरांमधलं अंतर मिमीत मोजा आणि २५ ला त्याने भागा, म्हणजे लाइन सेकंदाला किती हेलकावे देते (हर्ट्झ) ते येतं. अंतर १ मिमी असेल तर २५ हर्ट्झ, उत्तम. २ मिमी असेल तर १२.५, चालेल पण सांभाळून. १० च्या खाली गेलं तर वरच्या-खालच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. मग एका हेलकाव्याची उंची आधीच्याशी ताडा. दुसरा पहिल्याच्या पाचवा हिस्सा असेल तर लाइनचं डॅम्पिंग (हेलकावे विरण्याचं माप) साधारण ०.४५ आहे, म्हणजे ठीक.

मॉनिटरच्या सेटिंगमध्येही एकदा डोकवा. चॅनेलला नाव आर्टचं आहे की सीव्हीपीचं (मोठ्या शिरेतल्या दाबाचं)? स्केल ० ते ३० वर राहिलं असेल तर लाट छताला टेकलेली दिसते. काही मॉनिटरमध्ये दाबाचा फिल्टर बदलता येतो. तो खाली ओढला की लाट छान गुळगुळीत दिसते आणि वरचं बीपी गुपचूप कमी होतं.

कफशी ताळा

कफ बरोबर नसेल तर ताळा म्हणजे चुकीशी चूक पडताळणं. दंडाचा घेर टेपने मोजा. साधारण मापं अशी: २२ ते २६ सेमीला लहान, २७ ते ३४ ला मध्यम, ३५ ते ४४ ला मोठा. कफच्या आतल्या फुग्याची रुंदी घेराच्या ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. लहान कफ आकडा फुगवतो, मोठा आकडा पाडतो, आणि लहानाची चूक जास्त मोठी असते. गावाकडच्या काटक्या दंडाला मध्यम कफ दोनदा वेढा घेतो आणि आयसीयूत फिरणारा तेवढा एकच कफ असतो, हे मी नेहमी बघतो. तिन्ही मापं खरेदी करायला लावा. 

दंड हृदयाच्या पातळीला ठेवा. १० सेमीचा तोच नियम इथेही लागतो. कुशीवर वळलेल्या रुग्णाच्या वरच्या हातावर कफ असेल तर आकडा कमी येईल, मशीन बिघडलेलं नसतं. आणि सुरुवातीला एकदा दोन्ही हातांचं बीपी घेऊन ठेवा. दोन हातांतच १५-२० चा फरक असलेला रुग्ण निघाला, तर उजव्या हातातली आर्ट लाइन आणि डाव्या हातातला कफ जन्मभर जुळणार नाहीत.

आता एक चाचणी, जी नव्यांना दाखवली की त्यांचे डोळे चमकतात. आर्ट लाइन असलेल्याच हाताच्या दंडाला साधा काट्याचा, हाताने फुगवायचा कफ लावा. फुगवत जा, स्क्रीनवरची आर्ट लाइनची लाट सपाट होईल. आणखी २०-३० मिमी वर जा, मग सेकंदाला २-३ मिमी वेगाने सोडत या. लाट ज्या क्षणी पहिल्यांदा परत उठते, त्या वेळी काट्यावर जे असेल ते वरच्या बीपीच्या अगदी जवळचं असतं. कंपनीचं गुप्त गणित मध्ये नाही, कानाने ऐकायचं नाही. मोकाट लाइनचा १६८ खोटा ठरवायला याच्याइतकं सोपं साधन नाही. फार वेळ कफ फुगवून ठेवू नका, हात कॅथेटरवाला आहे.

आर्ट लाइन आणि कफ कधी तंतोतंत जुळणार नाहीत. वरच्यात ५-१० चा फरक नेहमीचा. धमनी जसजशी हृदयापासून लांब जाते तसं वरचं बीपी मुळातच थोडं चढतं. रुग्णाचं बीपी फार खाली असेल तर कफ वरचं जास्त दाखवण्याकडे झुकतो, आणि ठोके अनियमित असतील, थंडी वाजत असेल, हात सुजलेला असेल तर भरकटतो. खूप मोठ्या डोसच्या नॉरअॅडवर असलेल्या रुग्णात मनगटाची धमनीच आवळलेली असते, तिथे आर्ट लाइन खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकते. निफाडकडून पहाटेच्या कडाक्यात आलेल्या, बर्फासारख्या हातांच्या रुग्णात आधी हात ऊबदार करा. एवढं करून मॅपमध्ये १० पेक्षा जास्त फरक राहिला तर डॉक्टरांना सांगून मांडीच्या धमनीचा विचार होतो. तो निर्णय आपला नाही, पण कळवणं आपलं आहे.

मशीनची पाळी

इथून पुढचं मुख्यतः बायोमेडिकलच्या मुलांसाठी. एक गोष्ट आधी ठसवतो: कुठलाही हवेचा पंप किंवा कफचा फुगा रुग्णाला जोडलेल्या आर्ट लाइनला कधीही जोडायचा नाही. धमनीत हवा गेली तर माफी नाही. खालच्या सगळ्या चाचण्या रुग्णापासून सोडवलेल्या सामानावर करा.

आर्ट लाइनच्या चॅनेलसाठी दोन मार्ग. सिम्युलेटर (ठरलेला दाब असल्याचा खोटा सिग्नल देणारं यंत्र) असेल तर तो केबलला लावा. ट्रान्सड्युसरची ठरलेली संवेदनशीलता दर व्होल्टला, दर मिमीला ५ मायक्रोव्होल्ट असते आणि सिम्युलेटर तेच सोंग घेतो. ०, १०० आणि २०० वर मॉनिटर काय म्हणतो ते लिहा. यात फक्त मॉनिटर आणि केबल तपासली जाते, ट्रान्सड्युसर नाही.

दुसरा मार्ग पाण्याचा, आणि छोट्या दवाखान्यांत मला तोच भरवशाचा वाटतो. नवा ट्रान्सड्युसर रुग्णाला लावण्यापूर्वी निर्जंतुक पद्धतीने भरून घ्या, झिरो करा. नळीचं उघडं टोक ट्रान्सड्युसरच्या पातळीला असताना ० दिसलं पाहिजे. ते टोक २७ सेमी वर उचला: २०. ६८ सेमी वर उचला: ५०. जागा असेल आणि नळी पुरत असेल तर १३६ सेमीला १००. भिंतीवर स्टीलच्या टेपने या खुणा एकदाच करून ठेवल्या की मिनिटभराचं काम उरतं. ६८ ला ४४ आलं तर गडबड आहे. आधी केबल बदलून बघा, मग ट्रान्सड्युसर.

कफच्या यंत्रासाठी कफ ९० मिमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपला गुंडाळा. घेर २८ सेमीच्या आसपास भरतो, मध्यम कफला बरोबर. नळीत टी (तीन फाट्यांचा जोड) जोडून एका फाट्याला प्रमाणित मॅनोमीटर (दाबमापक), दुसऱ्याला हाताचा फुगा. मॉनिटर सर्व्हिस मेन्यूतल्या मॅनोमीटर मोडमध्ये टाका. ०, ५०, १००, १५०, २००, २५० वर दोन्ही आकडे लिहा. फरक ३ मिमीच्या आत हवा. मग २५० ला थांबून गळती बघा: मिनिटाला ६ मिमीपेक्षा जास्त उतरलं तर कफ, नळी, सांधे, आतला व्हॉल्व्ह, या क्रमाने शोधा. बहुतेक वेळा चोर कफच्या नळीच्या टोकाच्या रबरी रिंगमध्ये असतो. जास्त दाबाचा कटऑफही बघा. प्रौढांच्या मोडमध्ये ३०० च्या वर आणि नवजाताच्या मोडमध्ये १५० च्या वर यंत्राने जाऊ नये. नवजातांच्या खाटेवरचा मॉनिटर प्रौढांच्या मोडमध्ये राहिलेला सापडला तर तिथल्या तिथे बदला, आणि वॉर्डला सांगूनच बाहेर पडा.

कफच्या सिम्युलेटरबद्दल गैरसमज फार आहे. त्यावर १२०/८० लावलं आणि मॉनिटरने ११३/७६ दिलं म्हणून मॉनिटर नापास होत नाही. सिम्युलेटरची थरथर आणि त्या कंपनीचं गणित जुळतीलच असं नाही. सिम्युलेटर वापरायचा तो एकसारखेपणा बघायला: पाचदा घ्या, पाचही जवळजवळ सारखे आले का, आणि मागच्या वर्षीच्या नोंदीपेक्षा सरकलेत का. माणसांवरचा खरेपणा कंपनीने आयएसओ ८१०६०-२ या मानकानुसार सिद्ध केलेला असतो, ज्यात सरासरी फरक ५ मिमीच्या आत आणि प्रमाण विचलन ८ मिमीच्या आत लागतं. ते दवाखान्यात बसून कुणी सिद्ध करत नाही.

काट्याच्या बीपी यंत्रांकडे दुर्लक्ष होतं. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारावर भारताने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलं, पाऱ्याची यंत्रं वॉर्डांतून निघत चालली आणि त्यांच्या जागी काट्याची आली. हे यंत्र खाली पडलं की आतली यंत्रणा सरकते. हवा सोडल्यावर काटा शून्याच्या खुणेवर येत नसेल तर ते यंत्र ताळ्याला वापरू नका. शून्यावर येतोय म्हणून वर बरोबरच असेल असंही नाही, म्हणून त्यालाही त्याच टीवर चढवा.

शेवटी कागद. तुमचा प्रमाणित मॅनोमीटर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून तपासून आणलेला हवा. बाहेरचा माणूस वर्षाचं कॅलिब्रेशन करून गेला की प्रमाणपत्र फाइलला लावण्याआधी त्यात तीन गोष्टी शोधा: प्रत्येक बिंदूवरचा प्रत्यक्ष आकडा, अनिश्चितता (मोजणी किती मागेपुढे असू शकते ते), आणि त्याने वापरलेल्या मॅनोमीटरची मुदत. मॉनिटरचा सीरियल नंबर खाटेवरच्या नंबराशी जुळवा. आयसीयूत मॉनिटर खाटा बदलत फिरतात आणि सात नंबरचं प्रमाणपत्र अकरा नंबरला चिकटलेलं सापडतं. नुसतं "समाधानकारक" लिहिलेला कागद आला तर बिल थांबवा आणि आकडे मागवून घ्या.